जनावरांतील क्षयरोग : राखणदाराच्याच घरात राहणारा जंतू

घटसर्प किंवा फऱ्या झालेले जनावर एक-दोन दिवसांतच बसते, त्यामुळे रोग लगेच कळतो. क्षयरोगाचे तसे नाही. गाय महिनोन् महिने वैरण खाते, दूध देते आणि जंतू आत मुक्कामाला असतो.

जंतू शरीरात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात व पाचकरसाने मारतात. क्षयाच्या जंतूला मात्र मेणचट कवच असते. शिवाय पेशीच्या ज्या पोकळीत तो पडतो, तेथे पाचकरस पोहोचूच नये अशी तजवीज तो आपल्या स्रावांनी करतो आणि त्याच पेशीत वाढतो. खोडकिडीची अळी उसाच्या खोडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत जात नाही, तशातलाच हा प्रकार. येथे तर किडीने राखणदाराच्याच घरात बिऱ्हाड केलेले असते! जंतूची वाढही सावकाश होते. एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे शरीर उशिरा जागे होते. मग पांढऱ्या पेशी भोवती जमून गाठ बनते. गाठीत जंतू कोंडले जातात, पण सगळे मरत नाहीत. जनावर अशक्त झाले की गाठ फुटून ते खोकल्यावाटे, आणि कासेला लागण असल्यास दुधावाटे बाहेर पडतात.

निदानासाठी मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात. ७२ तासांनी कातडीची जाडी ४ मि.मी. किंवा अधिक वाढली तर जनावर बाधित समजतात. ही चाचणी जंतू मोजत नाही, शरीराचा प्रतिसाद मोजते, हे पशुपालकांनी नीट ध्यानात घ्यावे. लागण अगदी ताजी असेल, गाय नुकतीच व्यालेली असेल किंवा रोग बळावून प्रतिकारशक्तीच थकली असेल, तर सूज येत नाही. म्हणून बाजारातून आणलेली खंगलेली, खोकणारी गाय एका चाचणीत सुटली तरी कळपात सोडू नये. वेगळी बांधावी व सुमारे दोन महिन्यांनी पशुवैद्यकांकडून पुन्हा चाचणी करून घ्यावी. लगेच केलेली दुसरी चाचणीही फसवते.

धारोष्ण दूध पौष्टिक, ही समजूत अजून गावोगाव आहे. मुलांना तरी उकळलेलेच दूध द्यावे. गोठ्यातील गड्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी मोफत होते. माणसाचा क्षयही जनावराला लागू शकतो.