पुस्तकाबरोबर वर्गही पाठव

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. २० जुलै

चि. छकुली हिस,

शाळेत तुला आता सगळे 'मॅडम' म्हणतात हे ठाऊक आहे, पण शुक्रवार पेठेतल्या या घरात तू छकुलीच. त्याला इलाज नाही.

तुझ्या बाबानं तक्रार पोचवली ती अशी : जूनपासून पोरीनं केंद्रातल्या शिक्षकांना फोनवरून मुलांच्या साठ-सत्तर पुस्तकांची नावं कळवली, रोज खाली उमेद वाढवणारं एखादं वाक्य जोडलं, आणि उत्तरादाखल आले ते नुसते अंगठे. शिक्षण परिषदेत कुणी एका पुस्तकाचं नाव काढलं नाही. आता ती म्हणते, या लोकांना वाचायचंच नाही.

वाचायचं असतं गं. पण यादी वाचून कुणालाही पुस्तक उघडावंसं वाटत नाही, शिक्षकाला तर नाहीच. त्याच्या टेबलावर आधीच इतके तक्ते नि माहितीचे नमुने पडलेले असतात, की आणखी एक कागद म्हणजे आणखी एक काम. हे कळायला तुझ्या आत्याला बरीच वर्षं लागली. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी तिनं मोठ्या हौसेनं चाळीस पुस्तकांची यादी केली, सायक्लोस्टाइल करून बैठकीत वाटली. पुढच्या बैठकीला डबे उघडले, तेव्हा त्यातलाच एक कागद एका बाईंच्या शेंगाचटणीखाली तेल टिपत होता. बाई चांगल्या होत्या, चटणीही फक्कड होती. खोट होती ती कागदात. त्यावर चाळीस नावं होती आणि एकही मूल नव्हतं.

गिजुभाई बधेकांनी ही चूक केली नाही. वकिली सोडून हा माणूस १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आला, १९२० मध्ये तिथं बालमंदिर सुरू झालं. माँटेसरीबाईंचं शास्त्र त्यांनी कोळून प्यायलं होतं. शिक्षकांसाठी कलमवार सूचनांचं पुस्तक लिहिणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी लिहिलं 'दिवास्वप्न', म्हणजे चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करायला निघालेल्या एका शिक्षकाची गोष्ट. आणि सुरुवात कशानं? फजितीनं. पहिल्याच दिवशी गुरुजी ठरवून आलेला शांततेचा खेळ घेतात, पोरं वर्ग डोक्यावर घेतात आणि गुरुजींना त्यांना सुट्टी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला बसतात, तेव्हा कुठं गाडी रुळावर येते. पुढं पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टीची पुस्तकं घेऊन वर्गाचं वाचनालय उभं राहतं. आज कुणी असं केलं तर केंद्रप्रमुख काय म्हणतील ते सोड. पण वाचणाऱ्या शिक्षकाला 'हे आपल्याही वर्गात होईल' असं वाटतं ते त्या फजितीमुळे. ज्याचं कधी काही बिघडलं नाही अशा गुरुजींवर मास्तर लोक विश्वास ठेवत नाहीत.

शिक्षकाला आपल्यासारख्या दुसऱ्या शिक्षकाशी जोडण्याचं काम मराठीत ताराबाई मोडकांनी पेललं. १९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि संघाच्या 'शिक्षण पत्रिके'च्या मराठी आवृत्तीचं संपादन कैक वर्षं केलं. कुठल्या तरी गावात एकट्यानं बालवाडी चालवणाऱ्या बाईला 'माझ्यासारखं आणखीही कुणी आहे' हे कळण्याची तेव्हा दुसरी सोय कुठली होती? फोन नव्हते, दर महिन्याची शिक्षण परिषद नव्हती. पोस्टमन आणील तो अंक, एवढंच. तुम्हा लोकांचं आज जे दिवसभर खिशात टुणटुणतं, ते त्या काळी महिन्यातून एकदा यायचं, आणि म्हणूनच बहुधा नीट वाचलं जायचं.

ताराबाईंची पुढची गोष्ट तर तू पाठच करायला हवीस. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणामागं गुरं. मग या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणात भरवली, ती कुरणशाळा. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं कामाला लावली. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झालं. आज गावोगावच्या पाटीवर दिसणारा हा शब्द कुठल्या परिपत्रकानं घडवलेला नाही. पोरं येत नाहीत म्हणून दोन बायका अंगणात जाऊन बसल्या, त्यातून तो निघाला. अनुताईंनी तिथले दिवस 'कोसबाडच्या टेकडीवरून'मध्ये लिहून ठेवलेत. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९८५ साली अनुताईंना पद्मश्री. तरी आपल्या शिक्षकांपैकी निम्म्यांना ही नावं एका गुणाच्या प्रश्नापुरतीच आठवतात, याचा तुझ्या आत्याला राग आहे आणि तो राहील.

तेव्हा साठ नावं पाठवू नकोस. एक पुस्तक पाठव, तेही वर्गात वाचून झाल्यावर, आणि वाचताना जे झालं ते चार ओळींत लिही. कुठल्या पानावर पोरं हसली? कुठं चुळबुळ सुरू झाली? कोण म्हणालं 'परत वाचा'? पुस्तक आपटलं असेल तर तेही लिही, गिजुभाईंसारखं.

आता तुझ्याच शाळेचं बघ. अक्कलकोटकडच्या तुझ्या पोरांच्या घरी कन्नड, शाळेत मराठी. इथं सोलापुरात पूर्वभागातल्या पोरांच्या घरी तेलुगू, आणखी कुणाच्या घरी उर्दू. अशा पोरांपुढं पुण्याच्या वाड्यातली गोष्ट ठेवली की निम्मी खिडकीबाहेर बघतात, आणि आपण म्हणतो यांना वाचनाची गोडी नाही. 'प्रथम बुक्स'नं २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं, त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा कितीतरी भाषांत चित्रकथा फुकट आहेत, सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या लावलेल्या. लेखक-चित्रकारांची नावं देऊन त्या छापायला, वाटायला, भाषांतर करायलाही मोकळीक आहे. एकच गोष्ट आधी कन्नडमध्ये, मग मराठीत वाच. कन्नड तुला येत नाही, हे चांगलंच आहे. एखाद्या पोरीला वाचायला बसव आणि तू चुकत चुकत तिच्यामागून म्हण. बाई चुकतात हे बघण्यासारखी मजा चौथीच्या वर्गात दुसरी नसते.

मोकळीक सगळ्याच पुस्तकांना नसते, हेही ध्यानात ठेव. माधुरी पुरंदऱ्यांच्या 'राधाचं घर' किंवा 'यश'च्या पुस्तकांची पानं फोनवर टिपून सगळ्यांना धाडणं ही सेवा नाही, चोरी आहे. मग ती कितीही प्रेमानं केलेली असो. २०१४ साली साहित्य अकादमीनं ज्यांच्या बालसाहित्याचा सन्मान केला, त्यांचं पुस्तक शाळेनं विकत घ्यावं, नाहीतर शाळेतल्या तुम्ही चौघींनी वर्गणी काढावी. 'किशोर' मासिकाचं तसं नाही. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक सगळ्यांसाठी खुले केलेत, त्यातून निवडून वाचण्यात आत्याच्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.

पुस्तक हातात पडलं पाहिजे, हेही खरं. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानड्यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, काही माणसांचा एक गट. वाचून झालं की पेटी बदलायची. अशा पेट्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत गेल्या. दुबईला पेटी पोचते, तर तुमच्या केंद्रातल्या दहा-बारा शाळांमध्ये एक पिशवी फिरायला काय हरकत आहे? शंभर नकोत, पाच पुस्तकं घाल, बरोबर एक दोनशे पानी वही. ज्या शाळेत पिशवी जाईल तिथल्या शिक्षकानं वहीत वर्गाचं चार ओळींत लिहायचं. पुढच्याला पुस्तकाआधी वही वाचावीशी वाटेल, बघ.

आणि ते प्रोत्साहन! 'प्रयत्नांती परमेश्वर', खाली गुलाबाचं फूल. अगं, असल्या सुविचारांनी कुणाला बरं वाटतं ते फक्त पाठवणाऱ्याला. एकशिक्षकी शाळेवरच्या एखाद्या सरांनी खरंच काही केलं असेल तर त्यांना वेगळं लिही : 'तुम्ही परवा सांगितलेली गोष्ट आमच्या तिसरीत वाचली, मागच्या बाकावरचा कधी न बोलणारा पोरगा शेवट बदलून सांगायला उठला.' यात 'छान' हा शब्द नाही, तरी ते सर हे वाक्य घरी जाऊन बायकोला वाचून दाखवतील. वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी पुस्तक धरून काढलेल्या फोटोंनी हे होत नाही.

एक अडचण तू बाबाजवळ बोलली नाहीस, पण ती असणार. 'आपला उपक्रम सांगितला तर दुसराच पुरस्काराला पाठवील' असं म्हणणारे लोक प्रत्येक केंद्रात असतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आपल्याच जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं परितेवाडी त्यांना दाखव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, दहा लाख डॉलर. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, प्रत्येकी सुमारे पंचावन्न हजार डॉलर. म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा होती त्यांनाच. तेव्हा आपल्या पेठेत पुष्कळांनी कपाळावर हात मारून घेतला. आत्याला मात्र वाटतं, त्या बक्षिसात खरा शिक्षक दिसला तो या वाटणीत.

बाबा शनिवारी तुझ्याकडे यायला निघतोय, त्याच्याबरोबर कापडी पिशवी देतेय. 'तोत्तोचान' आहे, चेतना सरदेशमुख गोसावींनी केलेला अनुवाद, आत्याच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. भा. रा. भागवतांचा एक 'फास्टर फेणे', 'दिवास्वप्न', चित्रांची दोन पुस्तकं आणि एक कोरी वही. ही पुस्तकं परत पाठवायची नाहीत, पुढच्या शाळेला द्यायची. पण वही भरली की आधी इकडे शुक्रवार पेठेत आली पाहिजे, वाचायला. पिशवीत पावशेर शेंगाचटणीही आहे. ती वेगळ्या डब्यात काढ, तेल लगेच सुटतं.

तुझी,
आत्या