मागाचा क्रमांक आणि प्रश्नाचा माग

'माग' म्हटले की आपल्या बऱ्हाणपुरात आधी आठवतो तो खटखट चालणारा यंत्रमाग. मराठीत मागाचा दुसरा अर्थ पाऊलखूण. चोराचा माग काढतात, तो हा. आजच्या पाठात दोन्ही माग लागणार आहेत. निमित्त आहे आपल्या शाळेतील निकालपत्रकांच्या प्रोग्रामचे.

निकालाच्या दिवशी काय झाले ते पालकांना आठवत असेलच. साठ मुलांच्या एका वर्गाचे पत्रक पडद्यावर यायला पंधरा-पंधरा सेकंद लागत होते. रांग फाटकापर्यंत गेली. काहींना त्याच दिवशी पुढील प्रवेशासाठी गुणपत्रक हवे होते. पहिला बोल बसला कार्यालयातील बाबूजींना, मग नेटवर्कला, आणि शेवटी 'सर्व्हर जुना झाला, नवा घ्या' अशी सूचना विश्वस्तांपुढे गेली. आम्ही संगणक शिकवणाऱ्यांनीही तिला मान डोलावली होती, हे कबूल केले पाहिजे.

दोष शोधायला बसलो तेव्हा मात्र गंमत झाली. पडद्यावर दिसतो तो प्रोग्राम आणि माहिती सांभाळतो तो डेटाबेस, हे दोघे निरनिराळे. प्रोग्राम प्रश्न विचारतो, डेटाबेस उत्तर देतो. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. दोघांचीही आपापली नोंदवही असते. प्रोग्रामची वही म्हणत होती, 'पत्रक तयार व्हायला साडेचौदा सेकंदांहून अधिक वेळ लागला.' डेटाबेसमध्ये हळू चालणाऱ्या क्वेरींची वेगळी वही ठेवता येते. मायएसक्यूएलमध्ये ती आपण सुरू करावी लागते आणि तिची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. आम्ही मर्यादा १ सेकंदावर आणली, तरी वही कोरीच! एकजण म्हणतो उशीर झाला, दुसरा म्हणतो माझ्याकडे कोणी थांबलेच नाही. दोघेही खरे बोलत होते.

अडचण कुठे होती, हे कापडाच्या उदाहरणाने चटकन कळेल. वीस मागांचे कापड एकाच ढिगात पडले आणि एका थानात तुटका धागा सापडला, तर दोष कोणत्या मागाचा? थानाच्या टोकाला मागाचा क्रमांक लिहिला असेल, तर बघणारा सरळ त्या मागाजवळ जाऊन उभा राहतो. क्रमांक नसेल तर वीसही मागवाल्यांवर संशय. डेटाबेसच्या दारात फीचे, ग्रंथालयाचे, निकालाचे असे सगळे प्रश्न ढिगासारखे येऊन पडतात. कोणता प्रश्न कोणत्या पानासाठी, कोणाच्या कोणत्या क्लिकमुळे आला, हे डेटाबेसला ठाऊक नसते.

आपल्या कुंडी भंडाऱ्याचेही तसेच आहे. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले. वरच्या कुंड्यांतून डोकावले की पाणी वाहते आहे एवढे दिसते. ते कुठून आले हे दिसत नाही. भूजलाचे अभ्यासक अशा ठिकाणी निरुपद्रवी रंग सोडतात आणि तो कुठे उगवतो ते पाहतात. संगणकातील माग हा असाच रंग आहे.

तो सोडतात कसा? पत्रकाचे बटण दाबताच प्रोग्राम त्या कामाला एक क्रमांक देतो. हा मागक्रमांक. जगभर आता ठरलेल्या पद्धतीत तो ३२ चिन्हांचा असतो. २०२० साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ही पद्धत मानक म्हणून मान्य केली. प्रोग्राम डेटाबेसला जो प्रश्न पाठवतो, त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि फुली यांच्या चिन्हांत एक टीप जोडतो:

/* पान='निकालपत्रक', माग='…' */

डेटाबेस या टिपेला टीप समजून सोडून देतो, पण वहीत प्रश्नाबरोबर तीही उतरते. थानाच्या टोकावरचा क्रमांक तो हाच. गूगलने २०२१ साली 'एसक्यूएलकॉमेंटर' नावाने हे काम आपोआप करणारे साधन खुले केले आणि पुढे 'ओपनटेलिमेट्री' या सर्वांसाठी खुल्या प्रकल्पाकडे दिले.

आम्ही टिपा जोडल्या, थोडा वेळ सगळ्याच क्वेरी नोंदवल्या, आणि एकाच मागक्रमांकाच्या ओळी मोजल्या. भरल्या ३६१! प्रोग्राम आधी मुलांची यादी मागत होता, हा एक प्रश्न. मग प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाचे गुण वेगळे विचारत होता: ६० मुले, ६ विषय, म्हणजे ३६० प्रश्न. एकाला ०.०४ सेकंद. गुणाकार करा, १४.४४ सेकंद येतात. एकही प्रश्न हळू नव्हता, म्हणून हळू क्वेरींची वही कोरी होती. वर्गाचे सारे गुण एकाच प्रश्नात मागितले, तेव्हा पत्रक एका सेकंदाच्या आत आले, तेही त्याच जुन्या सर्व्हरवर. नव्या सर्व्हरवरही प्रश्न ३६१च राहिले असते. बाबूजींना आम्ही चहा पाजला. तेवढ्याने भरपाई झाली असे मात्र आम्हाला वाटत नाही.

पालकांना ही कल्पना नवी वाटू नये. मुंबईच्या एनपीसीआयने २०१६मध्ये सुरू केलेल्या यूपीआयने पैसे दिले की १२ अंकी संदर्भ क्रमांक येतो. पैसे अडकले की बँक आधी तोच विचारते, कारण त्यावरूनच तिला नेमका व्यवहार सापडतो.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. टिपेत विद्यार्थ्याचे नाव किंवा मोबाइल क्रमांक कधीही लिहू नये. या वह्या अनेकांच्या हाती जातात. दुसरे, दर वेळी नवा मागक्रमांक जोडला की प्रश्नाचा मजकूर दर वेळी बदलतो, आणि तयार करून ठेवलेली क्वेरी पुन्हा वापरण्याचा डेटाबेसचा फायदा बुडू शकतो. म्हणून पानाचे नाव सगळ्यांवर आणि मागक्रमांक निवडक कामांवर, असा मध्यम मार्ग आम्ही धरला आहे. गूगलने आपल्या 'डॅपर' या माग काढणाऱ्या व्यवस्थेविषयी २०१० साली निबंध प्रसिद्ध केला. तिच्या पहिल्या आवृत्तीत १०२४ कामांपैकी एकाचाच माग ठेवला जाई. आपल्या शाळेला एवढी काटकसर नको, दहातले एक पुरे.

इयत्ता नववी-दहावीसाठी गणित: ग्रंथालयाचे एक पान २.९ सेकंदांत उघडले. त्याच्या मागक्रमांकाच्या ४१ क्वेरी एकामागून एक चालल्या. पहिलीला ०.२५ सेकंद आणि उरलेल्या प्रत्येकीला ०.०५ सेकंद लागले. डेटाबेसबाहेर किती वेळ गेला? आणि ते ४० प्रश्न कशाबद्दल असावेत? उत्तरे नावासह संगणक कक्षातील पेटीत टाकावीत.