पट्टी उतरवा, मग माइक घ्या

‘पुरुषांसाठी सोपी’ म्हणून जपानी कराओके गाण्यांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांतली बरीचशी गाणी गळ्याला मुळीच सोपी नसतात. ती फक्त ओळखीची असतात. जपानी माणसानं ती शाळेच्या स्नेहसंमेलनात, जाहिरातीत, भावाच्या लग्नात इतकी ऐकलेली असतात की आपण कितव्या सुरावर चढतोय याचा त्याला पत्ताही नसतो. टोकियोत नोकरीसाठी आलेल्या तिशीतल्या मराठी माणसाकडे ही पुंजी नसते. डिसेंबरात बोनेनकाईचं, म्हणजे सरत्या वर्षाचं, जेवण होतं आणि मग ‘निजिकाई’साठी, दुसऱ्या बैठकीसाठी, सगळे उठतात. ती पुष्कळदा कराओके बॉक्समध्येच असते. तिथे ‘मला गाता येत नाही’ हे कुणी मनावर घेत नाही.

पहिल्या वर्षी मी रेमिओरोमेनचं ‘कोनायुकी’ धरलं होतं. 2005 सालचं, एका गाजलेल्या मालिकेतलं गाणं. पुण्यात जपानी शिकताना ऐकलेलं, शब्द तोंडपाठ. कडवं कुजबुजल्यासारखं खालच्या सुरात जातं, त्यामुळे सगळं झकास चाललं होतं. मग साबी आला. जपानी गाण्याचा सगळा जीव या साबीत, आपल्या ध्रुवपदासारख्या भागात असतो आणि ‘कोनायुकी’चा साबी म्हणजे थेट वरच्या मजल्यावर उडी. पहिल्याच शब्दाला माझा आवाज फाटला. शेजारी खुळखुळा वाजवणाऱ्या सहकाऱ्याचा हात क्षणभर थांबला, मग दुप्पट जोरात चालू झाला. शेवटी साहेबांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवर जाऊ नका. तिथे त्या सगळ्यांनाच मिळतात.

तेव्हापासून नव्या मुलांना मी एकच सांगतो, गाणं कडव्यावरून पसंत करू नका, साबी आधी गाऊन बघा. ऑफिशियल हिगे दान्दिझमचं ‘प्रिटेंडर’ आणि किंग नूचं ‘हाकुजित्सू’ ही दोन्ही 2019 ची गाणी अजूनही पोरं हौसेनं लावतात. ती मूळ पट्टीत म्हणायची तर गळा तसा लागतो. आपला तसा नाही, हे घरीच ठरवून निघावं. एक्स जपानच्या ‘कुरेनाई’बद्दल तर बोलायलाच नको.

पण पट्टी बदलता येते, आणि हे न जाणताच निम्मे लोक ओरडत असतात. खोलीत ‘देन्मोकु’ म्हणून जाडजूड टॅबलेट असतो, त्यावर गाणं शोधायचं. त्यावरच पट्टी खाली-वर करायची सोय असते. एकदा दाबलं की अर्धा स्वर उतरतो, म्हणजे पेटीवर काळी दोनवरून पांढरी दोनवर आल्यासारखं. ज्यानं लहानपणी पेटीवाल्या मास्तरांसमोर बसून ‘तुझी पट्टी कोणती रे?’ हा प्रश्न ऐकला असेल, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पट्टी उतरवण्यात कमीपणा वाटणारे मात्र भरपूर भेटतात. मूळ पट्टीतच गायचं हा हट्ट तिशीत फार बळावतो, का कोण जाणे.

आता गाण्यांकडे. स्पिट्झचं ‘चेरी’, 1996 चं. चाल सरळ, हरकती नाहीत, आणि जपानात ते ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. पण त्यांचे गायक कुसानो मासामुने यांचा आवाज जात्याच उंच, म्हणून तीन-चार घरं उतरवूनच घ्या. खर्जाकडे झुकणारा आवाज असेल तर फुकुयामा मासाहारू. त्यांचं 2000 सालचं ‘साकुराझाका’ संथ आहे, श्वास घ्यायला भरपूर जागा आहे. नागाबुची त्सुयोशी यांचं ‘कानपाई’ लग्नात हमखास वाजतं. तेही आरामात जातं, फक्त ऑफिसच्या बैठकीत कुणाचा निरोपसमारंभ वगैरे असेल तरच शोभतं. ओकिनावाच्या मोंगोल 800 चं ‘चीसाना कोई नो उता’ 2001 चं. त्याचा साबी सुरू झाला की अख्खी खोली गाते, आपण नुसता माइक धरला तरी भागतं. इशिगाकी बेटावरच्या बिगिन या त्रिकुटाचं ‘शिमान्चू नु ताकारा’ हे 2002 सालचं माझं स्वतःचं हुकमी पान. लय सावकाश आणि मधल्या आरोळ्या बाकीचे देतात.

आणि साकामोतो क्यू यांचं ‘उए ओ मुइते आरुकोऊ’. 1961 चं, शब्द एई रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची. 1963 मध्ये ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ‘सुकियाकी’ या भलत्याच नावानं पहिलं आलं. जुन्या जपानी चालींत म आणि नी वर्ज्य असण्याची मोठी परंपरा आहे, सा रे ग प ध एवढ्यावर भागतं. या गाण्याचा मुखडाही बराचसा त्याच वळणाचा. भूप कानात असलेल्या माणसाला तो दुसऱ्यांदा ऐकतानाच लागतो. मध्ये शीळ आहे. ती येत नसेल तर नुसतं गुणगुणा, लोक वाजवतात.

शब्दांचं काय? पडद्यावर कांजींच्या डोक्यावर बारीक हिरागाना असतात आणि गाणं पुढे सरकेल तसा अक्षरांचा रंग बदलत जातो. हिरागाना वाचता येत असतील तर संथ गाणं निभावतं. बंप ऑफ चिकनचं ‘तेन्ताइ कान्सोकु’ मात्र 2001 पासून तिशीतल्यांचं लाडकं असलं, तरी त्याच्या वेगात डोळे मागेच राहतात. जपानीत दीर्घ स्वराला दोन मात्रा आणि सुट्या ‘न’ला स्वतंत्र मात्रा असते. आपण सवयीनं तो ‘न’ पुढच्या अक्षराला चिकटवतो आणि ओळ आधीच संपते, संगीत संपतच नाही. वाचताना बोटानं टिचक्या मारून मोजा, लगेच कळेल.

खोलीत कोण बसलंय तेही बघावं. तिशीतला माणूस मधल्या फळीत असतो. पंचावन्नच्या साहेबांना नवी गाणी ठाऊक नसतात, बावीसच्या पोरीला जुनी, शोवा काळातली. म्हणून साधारण 1995 ते 2005 मधली गाणी दोघांनाही चालतात. साहेबांचं ठरलेलं गाणं त्यांच्याआधी म्हणू नये, हे सांगायला नको. एकदा एका नव्या मुलानं सदर्न ऑल स्टार्सचं ‘त्सुनामी’ रांगेत टाकलं. 2000 सालचं प्रेमगीत, गायलाही बेताचं. पण मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर रेडिओवरून ते लावणं टाळलं जाऊ लागलं होतं, आणि आमच्यात एकजण त्याच भागातल्या सेंदाईचा होता. पलीकडच्या बाईंनी काही न बोलता देन्मोकु ओढला, ते गाणं रांगेतून काढलं आणि त्या मुलाला विचारलं, “‘चेरी’ म्हणतोस?” हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

सराव घरी करू नका. टोकियोतल्या भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ आणि शेजारी तक्रार थेट तुमच्याकडे न करता व्यवस्थापनाकडे करतात. कामाच्या दिवशी दुपारी कराओकेचे दर रात्रीपेक्षा बरेच कमी असतात आणि एकट्यानं जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही; ‘हितोकारा’ म्हणून ती रीतच आहे. बहुतेक ठिकाणी एक पेय घ्यावं लागतं, ते गरम मागवा. गुणांकन बंद ठेवा, संगीताचा आवाज थोडा कमी करा आणि एकच गाणं वेगवेगळ्या पट्ट्यांत फक्त साबीपुरतं म्हणून पाहा. जिथे शेवटचा सूर न ताणता लागेल, तो आकडा फोनमध्ये गाण्याच्या जपानी नावापुढे लिहून ठेवा. माझ्या फोनमध्ये लिहिलंय : चेरी, उणे चार.