जपानी-पोर्तुगीज दुभाषी : भाषा येणे वेगळे, विषय येणे वेगळे

आमच्या व्यापारी बांधवांना दुभाष्याची गरज नवी नाही. परंतु बोलणे शास्त्राचे किंवा यंत्र-रसायनाचे असेल तर दुभाषी कसा पारखावा, याचा विचार आपण कमी करतो. जपानी आणि पोर्तुगीज या जोडीवरून तो चांगला समजतो.

अंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ साली गोव्यात पोर्तुगीज शिकला आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर या मिशनऱ्याचा दुभाषी म्हणून जपानला गेला. पोर्तुगीजांच्या 'देउस' म्हणजे ईश्वर या शब्दासाठी त्याने 'दाइनिची' शब्द दिला. ते बौद्धांच्या एका पंथातील बुद्धाचे नाव! लोकांना वाटले, हा बौद्धांचाच नवा पंथ आला. चूक कळल्यावर तो शब्द टाकून द्यावा लागला. अंजिरोला भाषा येत होती, धर्मग्रंथांचे इल्म नव्हते.

आज ही जोडी मुख्यतः ब्राझीलच्या साओ पावलो भागात लागते. १९०८ साली 'कासातो मारू' जहाजाने जपानी मजूर तिथे नेले. त्यांचे वंशज तिथे पुष्कळ आहेत. त्यामुळे दुभाषी सहज मिळेल असे वाटते. पण आजीकडून शिकलेली घरगुती जपानी प्रयोगशाळेत पुरत नाही. आपल्या घरात गोड उर्दू बोलणाऱ्या मुलापुढे युनानी हकिमाचा नुस्खा ठेवून पाहा!

रंगाईचे उदाहरण घेऊ. कॉस्टिक सोड्यातील सोडियमला जपानी माणूस जर्मन वळणाने 'नातोरियुमु' म्हणतो, पोर्तुगीज 'सोदियु'. नायट्रोजनला ब्राझीलमध्ये एक शब्द, पोर्तुगालमध्ये 'आझोतु' हा दुसरा. म्हणून ऐकणारे कोणत्या देशाचे, हे आधी सांगावे लागते.

आकड्यांत धोका जास्त. जपानी मोजणी दहा हजाराच्या 'मान'ने आणि दहा कोटींच्या 'ओकु'ने चालते. ब्राझीलचा 'बिल्याँव' म्हणजे शंभर कोटी. पोर्तुगालमध्ये जवळजवळ तोच शब्द लाख कोटींना लावतात. लाख-कोटीचे मिलियन करताना आपलीही तारांबळ उडते, मग इथे काय होत असेल! आकडे कागदावर किंवा फळ्यावर लिहूनच द्यावेत.

शिवाय आपल्या मराठी-उर्दूप्रमाणे जपानीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही तिथेच. पोर्तुगीजमध्ये नकार आधी हवा. वाक्य संपेपर्यंत दुभाष्याला श्वास धरून थांबावे लागते. भाषणाबरोबरच तर्जुमा करायचा असेल तर दोघे घेतात आणि साधारण अर्ध्या तासाने बदलतात. एकट्यावर भागवण्यात आम्हाला काटकसर दिसत नाही.

शोध कुठे घ्यावा? टोकियोच्या सोफिया विद्यापीठात आणि परकीय भाषांच्या विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, साओ पावलो विद्यापीठात जपानी. तिथे विचारपूस करता येते. विषय जाणणारा थेट दुभाषी मिळाला नाही तर जपानीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून पोर्तुगीज अशी दोन टप्प्यांची सोय करतात. यात वेळ जातो, माल दोन हातांतून जातो. तरीही दोन्ही टप्प्यांवर विषयाची माणसे असतील तर आम्ही हीच सोय पसंत करू.

निवड करताना भाषणाचा मसुदा आठवडाभर आधी द्यावा आणि शंका लिहून मागाव्यात. "कोणत्या तापमानाला? वजनाने की मापाने?" असे विचारणारा दुभाषी ठेवावा. कोरा कागद परत करणाऱ्याला आम्ही बयाणा देणार नाही.