हिरव्या दगडाचे आडनाव

मुलांनो, न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला ससेक्स काउंटीत फ्रँकलिन नावाचे गाव आहे. तिथली जस्ताची खाण १९५४ साली बंद झाली आणि शेजारच्या ऑग्डेन्सबर्गमधली स्टर्लिंग हिलची खाण १९८६ साली. आता दोन्ही ठिकाणी संग्रहालये आहेत. अंधारात हिरवे-लाल चमकणारे दगड पाहायला तुमच्यापैकी काहीजण तिथे जाऊनही आले असतील. या दोन खाणींत साडेतीनशेहून अधिक प्रकारची खनिजे सापडली आहेत. त्यांतले फारच थोडे मिळालेले एक खनिज आज आपण पाहू. त्याचे नाव अ‍ॅनाबर्गाइट.

हे नाव १८५२ साली जर्मनीतील अ‍ॅनाबर्ग या खाणींच्या गावावरून पडले. रंग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा. त्याच्या घडणीत निकेलचे ३ अणू, आर्सेनेटचे २ गट आणि पाण्याचे ८ रेणू असतात. आर्सेनेटचा गट म्हणजे आर्सेनिकचा एक अणू आणि त्याला धरून बसलेले ऑक्सिजनचे चार. निकेलच्या प्रत्येक अणूवर दोन धन विद्युतभार, म्हणून तिघांचे सहा. आर्सेनेटच्या प्रत्येक गटावर तीन ऋण, म्हणून दोघांचे सहा. हिशेब जुळला! वजनाने पाहिले तर शंभर ग्रॅममध्ये सुमारे २९ ग्रॅम निकेल आणि २४ ग्रॅम पाणी निघते. दगडात एवढे पाणी असते हे आम्हालाही मोठे नवल वाटते.

आता वर्गीकरण. खनिजांच्या हजेरीपटावर आधी आडनाव पाहतात. हे आडनाव धातूवरून नव्हे, तर धातू ज्याच्याशी जोडला आहे त्या ऋणभारित गटावरून ठरते. आपल्या हरताळाचेच पाहा. जुन्या पोथ्यांत चुकीच्या अक्षरांवर हा पिवळा रंग फासत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. हरताळातही आर्सेनिकच आहे, पण ते गंधकाशी जोडलेले. म्हणून हरताळ सल्फाइडांच्या घरात. निकेलाइन या खनिजात निकेल आणि आर्सेनिक थेट जोडलेले असतात, ऑक्सिजन मुळीच नसतो. तेही त्याच मोठ्या घरात धरतात. पण निकेलाइनला वर्षानुवर्षे हवा-पाणी लागले की, तांब्याच्या भांड्यावर हिरवा थर चढावा तसा, त्याच्यावर अ‍ॅनाबर्गाइटचा थर धरतो. ऑक्सिजन आला आणि आडनाव बदलले. आता ते फॉस्फेट-आर्सेनेटांच्या घरातले, त्यातही विवियनाइट गटातले.

निकेलाइन तांबूस दिसते. जर्मन खाणकामगार त्यातून तांबे काढू पाहत, पण तांबे काही निघेना. मग ‘निकेल’ नावाचे खट्याळ भूत आपल्याला फसवते, असे ते म्हणू लागले. आपल्याकडे रानात वाट चुकवणारा चकवा असतो, तसेच काहीसे. १७५१ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रॉन्स्टेट यांनी नवा धातू वेगळा केला, तेव्हा त्यांनी भुताचेच नाव कायम ठेवले.

विवियनाइट गटात अ‍ॅनाबर्गाइटचे एक सख्खे भावंड आहे, गुलाबी एरिथ्राइट. त्याची घडण अगदी तशीच, फक्त निकेलच्या जागी कोबाल्ट. निसर्गात दोन्ही धातू एकाच स्फटिकात मिसळलेले सापडतात. मग नाव कोणते द्यायचे? दोघांपैकी ज्याचे अणू निम्म्याहून अधिक, त्याचे. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण मिश्रणात तो फिकट, करडा, कसाही होतो. (याच नियमाने आपल्या खिशातल्या पाच सेंटच्या ‘निकेल’चे नाव बदलावे लागेल. त्यात ७५ टक्के तांबे आणि फक्त २५ टक्के निकेल असते!)

पालकांसाठी: हा दगड इतका मऊ असतो की नखानेही ओरखडा उठतो, पण तो नखाने खरवडू देऊ नका. सोमल हे जहाल विषही आर्सेनिकचेच असते. नमुना घरात असेल तर झाकणाच्या डबीत, नावाची चिठ्ठी लावून ठेवा. दगड तोंडाजवळ नेऊ नये, त्याची पूड करू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

गृहपाठ: एका नमुन्यात या दोन धातूंच्या १०० अणूंपैकी ५५ कोबाल्टचे आणि ४५ निकेलचे आहेत. डबीवर कोणते नाव लिहाल? आणि त्याचे घर कोणते?