मिरचीची गाडी

पिंपळगाव रेणुकाई हे गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. गावाच्या नावातच रेणुकामाता आहे. पण दूरच्या व्यापाऱ्यांना हे गाव माहीत आहे ते हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. हंगामात आसपासच्या खेड्यांतून मिरची येथे येते. कोणी मोटारसायकलवर दोन गोण्या बांधून आणतो, कोणी ट्रॅक्टरने आणतो. सौदा होतो, वजन होते, गोण्यांची तोंडे शिवली जातात आणि माल गाड्यांत चढतो. परराज्यांतले व्यापारीही येथे खरेदीला येतात.

या बाजारात गोण्या उचलणारा एक गडी आहे, असे समजा. नाव तुम्हीच ठेवा. बारा वर्षे त्याने हमाली केली. आता कंबर दुखते. तो रोज पाहतो की गोणी उचलणाऱ्याला हमाली मिळते आणि ती वाहून नेणाऱ्याला भाडे मिळते. हमाली थोडी, भाडे मोठे. त्याला गाडी चालवता येते. एक दिवस तो घरी म्हणाला, "आता हमाली बस झाली. पिकअप गाडी घेतो. रातोरात माल पोहोचवतो."

बायको म्हणाली, "घ्या की. पण हप्ता कशातून भरायचा, ते आधी सांगा."

प्रश्न बरोबर होता. आज आपण त्याच प्रश्नाचा हिशोब शिकणार आहोत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मोठा ट्रक असताना व्यापारी लहान गाडी का बोलावतो? मोठ्या ट्रकमध्ये किलोमागे भाडे कमी पडते. पण मोठा ट्रक भरायला वेळ लागतो. दहा टन माल जमेपर्यंत आधी चढलेली मिरची वाट पाहत बसते. लहान गाडीत दीड टन माल भरला की गाडी निघाली. वाटेत माल उतरवायचा नाही, दुसऱ्या गाडीत चढवायचा नाही. एका दारातून निघायचे ते थेट दुसऱ्या दारात. म्हणजे लहान गाडीवाला वेळ विकतो. हे ज्याला कळले नाही, तो मोठ्या ट्रकच्या दराशी झुंजत बसतो आणि बुडतो.

मिरचीला एवढी घाई कशाची? तोडलेली मिरचीसुद्धा श्वास घेते. श्वासाबरोबर ऊब निघते. गोण्या एकावर एक दाबून रचल्या आणि वरून ताडपत्री घट्ट आवळली, की ती ऊब आत कोंडते. मग मिरची लाल पडते, मऊ होते, देठ गळतात. पावसात भिजलेली मिरची तर फार लवकर सडते. म्हणून जाणता गाडीवाला थरांमध्ये हवेला वाट ठेवतो. पाऊस नसेल तर ताडपत्री मागून थोडी मोकळी सोडतो. गोण्या उचलून उचलून आपल्या गड्याला मालाची पारख आलीच होती. हमालीची बारा वर्षे वाया गेली नाहीत, ती अशी.

आता वेळेचा हिशोब. पिंपळगावाहून नवी मुंबईतला वाशीचा बाजार चारशे किलोमीटरच्या वर आहे. आपण ४२० धरू. ताशी ५० किलोमीटर चालले तर साडेआठ तास लागतात. जेवण आणि चहाचा एक तास मिळवा. साडेनऊ तास झाले. संध्याकाळी सहाला निघालेली गाडी पहाटे साडेतीनला पोहोचते. घाऊक भाजीबाजार पहाटेच रंगतो. आठ वाजता पोहोचलेल्या मिरचीला चांगले गिऱ्हाईक भेटत नाही. भेटलेच तर ते भाव पाडून मागते. भाव पडला की व्यापारी तो तोटा गाडीवाल्याच्या भाड्यातून कापू पाहतो. म्हणून उशीर झाला तर काय करायचे, हे गोणी चढवण्याआधी बोलावे आणि बिल्टीवर लिहून घ्यावे.

बिल्टी म्हणजे वाहतुकीचा कागद. माल कोणाचा, कोणाकडे जायचा, नग किती, वजन किती, भाडे किती, आगाऊ किती दिले आणि बाकी किती, हे त्यावर असते. आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा सही करण्याआधी 'बाकी' या शब्दापुढचा आकडा आपल्याच डोळ्यांनी पाहावा. तेथे जागा कोरी असेल तर सही करू नये. "नंतर भरतो" असे म्हणणारा माणूस वाईट असतोच असे नाही. पण कोरी जागा वाईटच.

आता पैशाचा हिशोब. पाटी घ्या. खालचे आकडे आम्ही शिकण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील.

वाशीच्या एका खेपेचे भाडे १२,००० रुपये मिळाले. जाऊन येऊन ८४० किलोमीटर झाले. एका लिटरला १२ किलोमीटर धरले तर ७० लिटर डिझेल लागले. ९० रुपये दराने त्याचे ६,३०० झाले. टोल १,२००. जेवण, चहा आणि किरकोळ ५००. एकूण खर्च ८,००० रुपये. उरले ४,०००. येथे पुष्कळजण थांबतात आणि म्हणतात, एका रात्रीत चार हजार कमावले! पण टायर झिजले, तेल बदलायचे आहे, ब्रेक बदलायचे आहेत. त्यासाठी दर खेपेला १,००० रुपये बाजूला ठेवावेच लागतात. उरले ३,०००.

बँकेचा हप्ता महिना १५,००० आहे. विमा, कर आणि कागदपत्रे यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर महिना ३,००० येतो. दोन्ही मिळून १८,०००. भागिले ३,०००. उत्तर आले सहा. म्हणजे महिन्याच्या पहिल्या सहा खेपा बँकेच्या आणि विम्याच्या. सातवी खेप घराची.

मिरचीचा जोर चार महिने धरू. त्या काळात महिन्याला दहा खेपा मिळाल्या. सहा गेल्या, चार उरल्या. चार गुणिले तीन हजार, म्हणजे १२,००० घरात आले. चार महिन्यांचे ४८,०००. गडी खूश झाला. पुढचे आठ महिने मिरची नाही. महिन्याला कशाबशा चार खेपा मिळतात. सहा पाहिजेत, दोन कमी पडतात. दरमहा ६,००० रुपये घरातून घालावे लागतात. आठ महिन्यांचे किती? ४८,०००.

पुन्हा पाहा. चार महिन्यांत आले ४८,०००. आठ महिन्यांत गेले ४८,०००. वर्षभर रात्री जागून घरात काय आले? शून्य. हमालीत निदान शून्य नव्हते.

बायकोने विचारले होते ते हेच. हंगाम चार महिन्यांचा असतो, हप्ता बारा महिन्यांचा असतो. पुष्कळ गाड्या हप्ता थकल्यामुळे ओढून नेल्या जातात. त्यात मालकाचा आळस क्वचितच असतो, बहुधा हाच हिशोब मांडायचा राहिलेला असतो.

मग वाट आहे की नाही? आहे. आपण जाण्याचे भाडे धरले. येताना गाडी रिकामी आली. डिझेल तर येतानाही जळले. वर्षाच्या ७२ खेपांपैकी अर्ध्या खेपांना, म्हणजे ३६ वेळा, परतीचे ३,००० रुपये भाडे मिळाले तर १,०८,००० होतात. महिन्याला ९,००० पडतात. घर चालते ते या परतीच्या भाड्यावर. पण परतीच्या मालासाठी दोन दिवस वाशीला पडून राहिले, तर इकडची पुढची खेप दुसरा नेतो. किती थांबायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आमचे मत विचाराल तर हंगामात एक सकाळ, हंगाम नसताना एक दिवस.

दुसरी वाट म्हणजे घाईचा दुसरा माल शोधणे. जालना जवळच आहे. तेथे मोसंबी आहे. जालन्याला बियाण्यांचा मोठा व्यवसाय आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महिको कंपनी काढली, तेव्हापासून तो वाढत गेला. पावसाच्या तोंडावर दुकानदाराला बियाणे उद्या नको, आज पाहिजे असते. २०१८ साली जालन्यात रेशीमकोषांचा बाजार सुरू झाला. कोषाला तर मिरचीपेक्षा जास्त घाई. आतला पतंग कोष फोडून बाहेर आला की कोषाची किंमत गेली. असा माल ज्याच्या ध्यानात आहे, त्याला आठ महिने जड जात नाहीत.

कागदांचे थोडक्यात सांगतो. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे लागतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारले आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. गाडी आणि माल मिळून वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. आपल्या हिशोबातली दीड टनाची पिकअप त्याच्या वर जात असेल, तर तिला लागतो. हलक्या गाडीचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. ताज्या हिरव्या मिरचीला जीएसटी नाही आणि ई-वे बिलही नाही. वाळल्या मिरचीचे तसे नाही, तेव्हा विचारून घ्यावे. जादा माल भरला तर दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. आपल्या जवळजवळ सात खेपांची कमाई एका नाक्यावर जाते. कर्जासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तीत दहा लाखांपर्यंत तारण न देता कर्ज मागता येते. बँकेने नाही म्हटले म्हणून लगेच सावकाराकडे जाऊ नये, दुसऱ्या बँकेत जावे.

आता झोपेबद्दल. हा खर्च आपण पाटीवर मांडला नाही, कारण तो रुपयांत मांडता येत नाही. पहाटे साडेतीनला पोहोचलेला माणूस सहापर्यंत माल उतरवतो. तसाच परत निघाला तर चोवीस तासांहून जास्त जागा राहतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात होते. तो वाहतूक व्यवसायांतल्या नोकरांसाठी होता. स्वतःच्या गाडीवर स्वतः बसणाऱ्याला विश्रांती घे म्हणून सांगणारे कोणी नसते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, खासगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसे गेली. सिंदखेडराजा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. रस्ता सरळ आणि मोकळा असला की डोळा लवकर लागतो, हे कोणताही जुना चालक सांगेल. वाशीला माल उतरला की गाडीतच पाच तास झोपावे. तोपर्यंत परतीच्या मालाचाही पत्ता लागतो.

आपल्या गड्याने गाडी घेतली की नाही, असे तुम्ही विचाराल. त्याने पहिले वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक म्हणून काढायचे ठरवले. खिशात एक वही ठेवली. तीत रोज लिहायचे: कोठे गेलो, भाडे किती, डिझेल किती, येताना काय आणले. बायको अजून त्याच वर्गात शिकते आहे. दर रविवारी ती वही तपासते.

आता हा हिशोब तुम्ही करा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. त्याने गेले तर वेळ वाचतो, पण टोल जास्त पडतो. व्यापारी म्हणतो, "समृद्धीनं जा, लवकर पोहोचव, पंधराशे रुपये जास्त देतो." जाण्याचा टोल त्या रस्त्याने १,४०० रुपये पडतो, असे धरा. जुन्या रस्त्याने तोच ६०० पडतो. येताना जुन्याच रस्त्याने यायचे आहे. एका खेपेत किती रुपये जास्त उरले? आणि हंगामाच्या चाळीस खेपांत किती?