कच्चेरीला जायचे, तर खिशात किती हवेत?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत 'कचेरीत जाऊन येतो' म्हटले की लोक तहसील समजतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नाहीतर धानाच्या बोनसची चौकशी. तमिळ माणूस मात्र कर्नाटक संगीताच्या मैफलीलाच 'कच्चेरी' म्हणतो. शब्द एकच, पण दुसऱ्या कचेरीत जायला आपल्याला बराच रस्ता कापावा लागतो, आणि खर्च होतो तो त्या रस्त्यावरच. तिकीट त्यात अगदीच किरकोळ.

जवळचा पर्याय नागपूर. तिथे दाक्षिणात्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरी किंवा छोट्या सभागृहात पन्नास-साठ माणसांपुढे गाणे ठेवले, तर बहुतेक वेळा तिकीट नसते. ओळखीतून निरोप येतो, फार तर दाराशी ऐच्छिक देणगीची पेटी असते. पेटीत माणशी शंभर-दोनशे टाकावेत. फुकट ऐकून निघून येणे बरे दिसत नाही.

आता प्रवासाचा हिशेब. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. 2025 च्या जानेवारीतील भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. चामोर्शी ते नागपूर, गडचिरोली-आरमोरी-ब्रह्मपुरीमार्गे, सुमारे दोनशे किलोमीटर धरा. म्हणजे चौतीस टप्पे, एका बाजूचे 340 रुपये. महिलांना अर्धे तिकीट असल्याने 170. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना काहीच नाही, तेव्हा त्यांना जरूर सोबत न्या. नवरा-बायको दोघे जाऊन-येऊन हजाराच्या थोडे वर जातील.

खरी मेख पुढे आहे. कच्चेरी संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होते आणि अडीच-तीन तास चालते. त्यानंतर चामोर्शीकडे यायची सोय राहत नाही, म्हणून मुक्काम आलाच. लॉजचे बाराशे, दोन वेळचे जेवण-चहा सहाशे, ऑटोचे तीनशे, पेटीतले तीनशे असे धरले, तर दोघांचा आकडा साडेतीन हजारांच्या जवळ जातो. नातेवाईक असतील तर लॉजचे पैसे वाचतात. मात्र मग रात्री अकरापर्यंत गप्पा माराव्या लागतात आणि डोक्यात घोळणारा राग वरणभातात विरघळतो. मी दोन्ही करून पाहिले आहे. लॉज बरे.

हौस मोठी असेल तर चेन्नई. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे मार्गळीचा हंगाम असतो आणि शहरभर सभांमध्ये, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांमध्ये, सकाळपासून रात्रीपर्यंत गाणे चालू असते. आपल्याला दिल्ली-चेन्नई मार्गावरचे बल्लारशा सोयीचे. आष्टी-गोंडपिपरीवरून तिथे पोहोचा आणि ग्रँड ट्रंक किंवा तमिळनाडू एक्स्प्रेस पकडा. स्लीपरला माणशी पाचशे-साडेपाचशे धरा. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे हे ऐन धान कापणीच्या गडबडीत लक्षात ठेवावे लागेल. बऱ्याच सभांत दुपारच्या कच्चेरीला तिकीट नसते. उद्याचे मोठे गायक तेव्हाच गातात, आणि खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असल्यामुळे पुढे जाऊन बसता येते. जवळून ऐकायची मैफल हवी असणाऱ्याने संध्याकाळच्या नामवंतांमागे धावूच नये. सभेच्या कँटीनमध्ये मात्र सांभाळा. केळीच्या पानावरचे जेवण तिकिटाच्या वर जाऊ शकते.

तंजावरजवळच्या तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची आराधना पौष वद्य पंचमीला असते. तिथे तिकीट नाही. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, गातात. त्यागराजांच्या (1767-1847) काळात तंजावरची गादी भोसल्यांकडे होती, त्यामुळे मराठी माणसाला तिथे अगदीच परके वाटायला नको. पण ती गर्दी आहे, मैफल नव्हे.

आता माझे खरे मत. चाळीस घरे जमली, तर कच्चेरी चामोर्शीतच आणणे सर्वांत स्वस्त. उदाहरणादाखल मांडतो: नागपूरहून गायक, व्हायोलिन आणि मृदंगम्‌ असे तिघे. तिघांचे मिळून मानधन वीस हजार ठरले असे समजा. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, किलोमीटरला पंधरा रुपये दराने गाडीचे सहा हजार. गडचिरोलीत दोन खोल्यांचे तीन हजार. दरी, चहा, फुले, फराळ यांचे तीन हजार. एकूण बत्तीस हजार, घरटी आठशे.  मानधनाचा आकडा कलाकारानुसार पुष्कळ वरखाली होईल. तो ठरवतानाच 'प्रवास-मुक्काम यात धरला की वेगळा?' हे विचारून घ्या. आमचा एकदा इथेच घोळ झाला आणि ऐनवेळी पाच हजारांसाठी वर्गणी फिरवावी लागली. शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचे कलाकाराचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. तेव्हा कोणी अठरा टक्के लावून बिल दिले तर कारण विचारा. शाळा-महाविद्यालयाला पुढाकार घ्यायचा असेल, तर 1977 मध्ये सुरू झालेली 'स्पिक मॅके' ही संस्था विद्यार्थ्यांसाठी असे कार्यक्रम विनातिकीट करते. प्राचार्यांकरवी पत्र पाठवून पाहा.

माइक लावू नका. घरटी एकजण धरला, तर चाळीस-पन्नास माणसांना त्याची गरज नसते. परवानगीची धावपळ आणि भाडे दोन्ही वाचतात. फक्त जागा बेताची हवी. टिनाचे शेड नको, आवाज घुमतो. घराची मोठी ओसरी किंवा वाचनालयाची खोली चालेल. धान चुरून घरात आले की पौष-माघात तारीख ठेवा. थंडीत पंखे बंद राहतात, आणि पंख्याच्या घरघरीत तंबोरा ऐकू येत नाही. मार्कंड्याच्या यात्रेचा, म्हणजे महाशिवरात्रीचा, आठवडा टाळा. गाडी मिळणार नाही आणि माणसेही. झाडीपट्टीच्या नाटकाची रात्रही बघून घ्या. त्या रात्री आपल्याकडे कोणीही फिरकणार नाही, आणि त्यात लोकांचा दोष नाही.

भाषेची भीती नको. त्यागराजांच्या बहुतेक कृती तेलुगूत आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्याकडचे कोणी ना कोणी गुरुजी किंवा कर्मचारी गावात असतातच. त्यांना पुढे बसवून कृतीचा भावार्थ आधी दोन वाक्यांत सांगायला लावा. एकही पैसा न घालता मैफल दुप्पट रंगते. कर्नाटक संगीतातला आदितालही मोजून पाहा: मांडीवर टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, पुन्हा टाळी, तळवा उलटा, टाळी, तळवा उलटा. झाल्या आठ मात्रा. मृदंगमाचे एकट्याचे वादन सुरू झाले की चहाला उठू नका. मोठ्या सभांत लोक उठतात, पण चाळीसजणांच्या खोलीत उठलेला माणूस वादकाला दिसतो.

आणि यादीत शेवटी लिहून ठेवा: मूठभर रवा, वाटीत पाणी. पखवाजाला जशी कणीक, तसा मृदंगमाच्या डाव्या तोंडाला भिजवलेला रवा लावतात. यजमानाने तो आधीच भिजवून ठेवला तर वादकाचा चेहरा खुलतो. खर्च पाच रुपये.